अम्मींची खोली गरम होत नव्हती

गेल्या डिसेंबरातली एक पहाट. फजरसाठी खाली आले तेव्हा अम्मी स्वयंपाकघरात किटलीजवळ उभ्या होत्या. अंगावर शाल, शालीवर ह्यांचा जुना कोट, पायांत मोज्यांचे दोन जोड. वुजूसाठी किटलीत पाणी तापवत होत्या.

"नळाला गरम येत नाही का?" मी विचारले.

"येतंय गो. कोमट आहे, चालतं मला."

मी नळाखाली हात धरला. कोमट कसले, गारच होते. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर 15.5 हा आकडा दिसत होता. आम्ही मागितले होते 20.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरी कधीच ओलांडली आहे. लग्न करून खेड तालुक्यातून इंग्लंडला आल्या त्याला पन्नास वर्षे झाली. सासरे इथे कॉव्हेंट्रीत मोटारीच्या कारखान्यात होते. मी त्याच तालुक्यातून, पण पुष्कळ उशिरा, 2003 मध्ये सून म्हणून आले. खेडला दोन वर्षे शाळेत गणित शिकवले होते, त्याचा उपयोग पुढे या यंत्रापायी होईल असे तेव्हा वाटले नव्हते.

यंत्र म्हणजे हीट पंप. कोकणातून इकडे आलेल्या बऱ्याच घरांत आता जुना गॅसचा बॉयलर काढून हे यंत्र बसवायचा विचार चालू असतो. नातेवाईक फोनवर विचारतात, "चांगलं आहे का? थंडीत चालतं का?" दर वेळी अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदा लिहून टाकावे, म्हणून हा लेख. आणि आमच्या घरात जे झाले त्यात यंत्राचा दोष किती आणि आमचा किती, हेही मला एकदा कागदावर मांडून पाहायचे होते.

आमचा बॉयलर सतरा वर्षांचा होऊन बंद पडला. इंग्लंड आणि वेल्समध्ये हीट पंपासाठी सरकार 7,500 पौंडांचे अनुदान देते. ऑक्टोबर 2023 पूर्वी ते 5,000 होते. मुलाने शाळेत हवामानबदलावर प्रकल्प केला होता, तो हट्टाला पेटला. अनुदान वजा जाता रक्कम झेपण्यासारखी होती. जूनमध्ये कंपनीची माणसे आली, अडीच दिवसांत काम उरकले, फोनवर एक ॲप उतरवून दिले आणि गेली. उन्हाळ्यात सगळेच चांगले चालते.

हे यंत्र उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ती उचलून घरात आणते. आपल्या घरातला फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तोच व्यवहार उलटा. आमच्या यंत्रात प्रोपेन हा वायू फिरतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे 42 अंशांनाच उकळतो. म्हणजे उणे 5 अंशांची हवा आपल्याला कापरे भरवते, पण त्याच्या दृष्टीने ती चांगली तापलेलीच. तो तिच्यातली उष्णता घेऊन उकळतो, मग कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी गरम करतो, आणि ती उष्णता रेडिएटरच्या पाण्याला मिळते. नॉर्वे-स्वीडनला आमच्यापेक्षा कितीतरी कडक थंडी, तिथे ही यंत्रे घरोघरी आहेत. तेव्हा "थंडीत चालत नाही" हे खरे नाही. पण बाहेर जितकी थंडी जास्त आणि आत पाणी जितके गरम हवे, तितकी चढण मोठी आणि विजेचा खर्च जास्त, हे मात्र खरे.

नोव्हेंबर संपता संपता धुके आणि दहिवर सुरू झाले, आणि आमच्या घराचे आकडे घसरू लागले. 19, मग 18, मग 16. पहिले बिल आले त्या रात्री हे आणि मी बराच वेळ बोललो. बोललो म्हणजे भांडलो. इथे विजेचे एक युनिट गॅसच्या युनिटच्या जवळजवळ चौपट महाग. एका युनिट विजेत यंत्राने तीन-साडेतीन युनिट उष्णता दिली तरच हिशेब जमतो. आमचे दोनही देत नव्हते. हे म्हणाले, काढून टाकू, पुन्हा बॉयलर बसवू. मी म्हटले, अनुदान गेले, आपले पैसे गेले, आणि आता पुन्हा खर्च? अम्मींची खोली खालच्या मजल्यावर, बैठकीला लागून. भिंत पातळ. तेव्हा त्याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही.

कंपनीला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका मुलीने सांगितले, तापमान वाढवून ठेवा. वाढवले. दुसऱ्यांदा फोन केला तर उत्तर मिळाले की ही यंत्रे थंडीत जरा हळूच चालतात. तिसऱ्यांदा माणूस पाठवतो म्हणाले. तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची.

त्यात एके रात्री गंमत झाली. गंमत आता म्हणते, तेव्हा जीव घशाशी आला होता. बाहेरच्या यंत्राचा पंखा अचानक थांबला, आतून जोराने फुस्स आवाज झाला आणि पांढऱ्या वाफेचा लोट उठला. अम्मी ओरडल्या, "जळालं, जळालं!" मुलाने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. नंतर कळले की ते जळत नव्हते, स्वतःवरचा बर्फ वितळवत होते. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढताना त्या जाळीवर हवेतले बाष्प गोठते. बर्फाचा थर जमला की हवा आत शिरत नाही. मग यंत्र काही मिनिटे उलटे चालते, घरातल्याच पाण्याची थोडी उष्णता घेऊन जाळी मोकळी करते आणि पुन्हा कामाला लागते. मुलाने मध्येच वीज तोडल्याने बर्फ अर्धाच वितळला, आणि सकाळपर्यंत त्याचा दगड झाला.

यात एक गोष्ट मला नवीन होती. बर्फ जमण्याचा त्रास कडाक्याच्या कोरड्या थंडीत कमी आणि शून्य ते 5 अंशांच्या दमट धुक्यात जास्त. इंग्लंडचा हिवाळा म्हणजे नेमके तेच धुके. पण आमचे यंत्र दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी बर्फ वितळवायला थांबत होते. इतक्यांदा थांबणे बरोबर नव्हते.

मी मुलीची जुनी वही घेतली, रकाने आखले आणि दर तीन तासांनी आकडे लिहू लागले. बाहेरचे तापमान, घरातले तापमान, रेडिएटरकडे जाणारे पाणी किती अंश, परत येणारे किती, एका मिनिटाला किती लिटर. हे सगळे यंत्राच्या पडद्यावर दिसते, फक्त चार बटने दाबून आत शिरावे लागते. कंपनीने ते कधी दाखवले नव्हते. अम्मी विचारायच्या, "काय लिहितेस गो एवढं?" मी म्हणायची, "दवाखान्यात नर्स ताप लिहून ठेवते ना, तसं."

चौथ्या दिवशी वही घेऊन बसले असताना मुलगा म्हणाला, "मम्मी, हे बाहेरचं तापमान चुकलंय. तू उणे 4 लिहिलंयस, आणि मी दोरीला लावलेला थर्मामीटर 1 दाखवतोय." मी म्हटले, चूक तुझ्या थर्मामीटरची. त्याने तो आणून यंत्राशेजारी ठेवला. दहा मिनिटांत तोही उणे 3 वर गेला. एकाच अंगणात, पंधरा पावलांवर, चार अंशांचा फरक.

आता कबूल करायची गोष्ट. ऑक्टोबरात मीच ह्यांच्या मागे लागले होते की एवढे महागाचे यंत्र उघड्यावर आहे, पावसात, बर्फात. त्याला काहीतरी आडोसा करा. आमच्याकडे खेडला आगोटीच्या कामांत पडवीला झाप बांधल्याशिवाय मृग लागू देत नाहीत. पावसाची झड आत आली तर भिंती जातात. माझ्या मनात तेच. ह्यांनी दोन रविवार खपून तीन बाजूंनी लाकडी फळ्यांचे कुंपण आणि वर उतरते छप्पर केले. फार सुंदर केले होते. शेजारीण बघून गेली.

यंत्र मागच्या बाजूने हवा घेते, उष्णता काढून ती गार हवा पुढून फेकते. आम्ही पुढे दीड हातावर फळी उभी केली होती. फेकलेली गार हवा फळीवर आपटून मागे वळायची आणि यंत्र तीच पुन्हा आत ओढायचे. अंगणात 1 अंश, पण आमच्या यंत्रापुरता उणे 4. अम्मींना मी हे समजावले तर त्या म्हणाल्या, "म्हणजे धुराडं नसलेली चूल. धूर फिरून फिरून बाईच्याच डोळ्यांत."

फळ्या त्याच दुपारी काढल्या. ह्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, हे लिहायला हवे.

संध्याकाळपर्यंत दोन आकडे एक झाले. बर्फ वितळवणे दीड-दोन तासांनी एकदा होऊ लागले. घर 17.5 पर्यंत चढले. आणि तिथेच थांबले.

जुम्म्याला मशिदीत ह्यांच्या ओळखीचे एक चाचा असतात, उभे आयुष्य हीटिंगच्या कामात गेलेले, आता निवृत्त. ते वही पाहायला म्हणून आले. आधी अंगणात गेले, फळ्यांच्या खुणा पाहिल्या आणि म्हणाले, बरे झाले काढल्या. आत प्रोपेन आहे, हवेपेक्षा जड असतो, कधी गळती झाली तर तो अशा कोंडाळ्यात साचून राहील. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मग चष्मा लावून त्यांनी वही वाचली. एका ओळीवर बोट ठेवले. जाणारे पाणी 45 अंश, येणारे 36, मिनिटाला 11 लिटर.

"बेटी, हा 9 चा फरक बॉयलरला शोभतो. याला साधारण 5 हवा. पाणीच फिरत नाही नीट."

त्यांनी यंत्राकडे जाणाऱ्या नळीतली गाळणी उघडली. आतून काळा चिखल निघाला, शाईसारखा. जुन्या रेडिएटरमधला वर्षानुवर्षांचा गंज. नवे यंत्र जोडताना सगळ्या नळ्या धुवून घ्यायच्या असतात. आमच्याकडे ते एकतर झाले नव्हते किंवा घाईत झाले होते. गाळणी धुवून बसवली. 11 चे 16 लिटर झाले. चाचा खूश नव्हते. "अजून कुठेतरी अडतंय. रेडिएटर सगळे उघडे आहेत ना?"

आहेत, मी म्हटले. तरी त्यांनी घरभर फिरून एकेका रेडिएटरच्या खालची फिरकी पाहिली. बैठकीत पूर्ण उघडी. वर मुलांच्या खोल्यांत उघडी. अम्मींच्या खोलीत पूर्ण बंद. न्हाणीघरात बंद. जिन्याखालच्या बोळात बंद.

मी मुलांकडे पाहिले. मुले एकमेकांकडे पाहू लागली. अम्मी दाराशी उभ्या होत्या.

"मी केलंय ते," त्या म्हणाल्या. "माझ्या एकटीसाठी कशाला? बिलावरून तुम्ही दोघं भांडत होता. मी शाल घेऊन बसते ना."

चाचा काही न बोलता बाहेर गाळणीकडे निघून गेले. ते शहाणे गृहस्थ आहेत.

अम्मी सत्तरच्या दशकात इथे आल्या तेव्हा घरात रॉकेलचा एकच हीटर होता. तो ज्या खोलीत, त्याच खोलीत सगळ्यांनी बसायचे, जेवायचे, मुलांनी अभ्यास करायचा. बाकीच्या खोल्यांची दारे बंद. कपड्यांना रॉकेलचा वास यायचा आणि कारखान्यात सासऱ्यांना त्यावरून टोमणे ऐकावे लागायचे, हे त्यांनी मला पूर्वी सांगितले होते. बंद दार म्हणजे वाचलेला पैसा, हा हिशेब त्या घरात खराच होता. इथे मात्र उलटे होत होते. तीन रेडिएटर बंद म्हणजे उष्णता सोडायला जागा कमी. मग उरलेल्यांना जास्त गरम पाणी लागणार, आणि पाणी जितके गरम तितके यंत्र महाग पडणार. त्यात गार राहिलेल्या खोल्या पातळ भिंतींमधून शेजारच्या खोल्यांची ऊब ओढून घेणार. शाल पांघरून बसलेल्या अम्मी एक पैसाही वाचवत नव्हत्या. मी त्यांना हे त्या दिवशी सांगितले नाही. आठवड्याने सांगितले, बिल हातात ठेवून.

फिरक्या उघडल्यावर मिनिटाला 20 लिटर, फरक 5.

राहिला आमचा स्वतःचा कारभार. बॉयलरची सवय अशी की रात्री दहाला बंद, सकाळी सहाला चालू, अर्ध्या तासात घर तापले. बॉयलर म्हणजे भडकलेली चूल. त्या सवयीने आम्ही हे यंत्रही रात्री बंद ठेवत होतो. वर फजरला गरम पाणी हवे म्हणून टाकी तापवायची वेळ पहाटे पाच. आता आमचे यंत्र एका वेळी एकच काम करते: एकतर टाकीतले पाणी तापवते, नाहीतर घर. म्हणजे दिवसातली सगळ्यात थंड वेळ, रात्रभर गारठलेले घर, आणि यंत्र दीड तास टाकीशी झगडते आहे. ते पुरे व्हायच्या आत कोणीतरी आंघोळीला शिरते. इथे डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो. तोपर्यंत बिचाऱ्याला ऊब मिळणार कुठून? पाणी गार, घर गार, आणि अम्मी किटलीजवळ.

चाचांनी टाकी तापवायची वेळ दुपारी दोनची केली, जेव्हा बाहेर त्यातल्या त्यात ऊब असते. टाकीला जाड आवरण आहे. दुपारचे पाणी पहाटेपर्यंत चार-पाच अंशच उतरते. घर रात्री बंद करायचे नाही, फक्त दोन अंशांनी खाली आणायचे. आणि थर्मोस्टॅटशी सारखे खेळायचे नाही. बाहेर थंडी वाढेल तसे पाणी किती गरम करायचे हे यंत्र स्वतःच ठरवते, तशी सोय त्यात असते. तिचे आकडे त्यांनी दोन दिवस थोडे थोडे खाली आणत बसवून दिले.

अम्मींना हे सगळ्यात आधी समजले. "हे वैल आहे," त्या म्हणाल्या. चुलीच्या बाजूला जो वैल असतो त्यावर भात मुरतो, दूध दिवसभर कोमट राहते; त्यावर घाईने भाकरी भाजायला गेलात तर कच्चीच राहायची. मुलांना चूलही माहीत नाही, वैल कुठून माहीत असणार? मी खेडच्या घराचा फोटो काढून दाखवला. मुलगा म्हणाला, "लो टेम्परेचर सिस्टिम!" अम्मी म्हणाल्या, "तेच ते."

कंपनीचा माणूस ठरल्या तारखेला, जानेवारीत आला. वहीची पाने उलटून पाहिली, एक-दोन पानांचे फोटो काढले, नळ्या धुवायचे राहिले असावे हे मान्य केले आणि त्या आठवड्यात येऊन पैसे न घेता ते काम केले. अम्मींच्या खोलीचा रेडिएटर लहान आहे हेही त्याने मोजून सांगितले. बॉयलरच्या 65-70 अंशांच्या पाण्याला तो पुरत होता, 45 ला पुरत नाही. तिथे दुप्पट जाडीचा रेडिएटर बसवला. त्याचे पैसे आम्ही दिले. यंत्र बसवण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा असा हिशेब करून मागा, एवढे मात्र विचार करणाऱ्या भगिनींना सांगेन. तो कागद हातात आल्याशिवाय सही करू नका.

सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. जानेवारीत तीन रात्री पारा उणे 6 पर्यंत गेला, तेव्हा घर 18.5 च्या वर चढले नाही. बर्फ वितळल्याचे पाणी फरशीवर वाहून गोठायचे. ह्यांनी तिथे खडी टाकून चर काढला. बिल बॉयलरच्या काळापेक्षा थोडे जास्तच येते, निदान हिवाळ्यात. पण एका युनिटला तीनच्या आसपास मिळू लागले आहे.

फेब्रुवारीत एकदा फजरला खाली आले तर स्वयंपाकघरात कोणी नव्हते. अम्मींच्या खोलीचे दार उघडे होते. त्या जानमाजवर बसल्या होत्या, शाल खुर्चीच्या पाठीवर. बाहेर यंत्राचा पंखा थांबला, फुस्स आवाज झाला, खिडकीबाहेर वाफ उठली. अम्मींनी मान वर केली नाही. सलाम फेरल्यावर म्हणाल्या, "दहा मिनिटांपूर्वीही झालं होतं. वहीत लिही."

मी लिहिले. दहा मिनिटांत दोनदा होणे बरोबर नव्हते. बाहेर जाऊन पाहिले तर जाळीच्या मागे शेजाऱ्यांच्या झाडाची पाने चिकटून बसली होती. हाताने काढली.

फळ्या ह्यांनी टाकल्या नाहीत. मार्चमध्ये त्यांचाच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वाफा केला आणि अम्मींनी त्यात कोथिंबीर पेरली. एवढ्यात उगवणार नाही, माती अजून गार आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.